गाडी मिसिंग मारतेय, पण चूक कुणाची?

आजचा भाग कोडिंगचा नाही. म्हणजे थोडासा आहे, पण तो शेवटी कळेल. आज गाडीबद्दल बोलायचंय. गाडीचं इंजिन मिसिंग मारतं म्हणजे नेमकं काय होतं, ते शोधायचं कसं, आणि हे शोधता शोधता मी स्वतःच कसा सापडलो, त्याची ही गोष्ट.

आधीच सांगून टाकतो, मी बीटेक आहे, पण कॉम्प्युटरचा. मेकॅनिकलवाल्यांनी मोठ्या मनाने ऐकून घ्या.

तर आमच्याकडे साताऱ्याला २०१४ सालची एक पेट्रोल हॅचबॅक आहे. चार सिलिंडर, साधी गाडी. बाबा शिक्षक होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ती घेतली, सेकंडहँड. मी पुण्यात नोकरीला. आईच्या गुडघ्यासाठी महिन्यातून एकदा दोघांना पुण्याला यावं लागतं, त्यामुळे गाडी ही आमच्या घरात हौस नाही, गरज आहे.

जूनमध्ये आईचा फोन आला. म्हणाली, "अरे, बाबा गाडी विकायचं म्हणतायत. तुला सांगू नको म्हणालेत, म्हणून सांगतेय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गाडी चढावर झटके देत होती. बाबांनी नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. हे मिस्त्री आमच्या स्कूटरच्या काळापासूनचे. त्यांनी नोझल साफ केले, थ्रॉटल बॉडी साफ केली, एअर फिल्टर बदलला. बिल झालं ५,८०० रुपये. आठ दिवस बरं वाटलं, मग परत तेच. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, बहुतेक व्हॉल्व्हचं काम आहे. हेड उतरवावं लागेल." अंदाज ३५ ते ४० हजार. बाबांना वाटलं, हा आपल्याला फसवतोय. दोघांची बोलाबोली झाली. बाबांनी तिथे जाणंच बंद केलं. इतक्या वर्षांचा संबंध, एका झटक्यात तुटला. म्हणजे खरं तर गाडीच्या झटक्यांनी.

जुलैत आई-बाबा पुण्याला आले होते. शनिवारी परत सोडायला मी निघालो, गाडी मीच चालवत होतो. बाहेर धो धो पाऊस. शिरवळपर्यंत काहीच नाही, गाडी अगदी शहाण्यासारखी. खंबाटकीचा घाट लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आम्ही गेलो तेव्हा पुण्याकडे येताना तिथे बोगदा होता, पण साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागायचा. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडी गचके द्यायला लागली. धडधड धडधड. मागे ट्रक हॉर्न मारतोय, आणि समोर इंजिनचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकतोय. आई मागे गप्प. बाबा शेजारी, खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बघितलंस? विकूनच टाकू."

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आजच्या भागातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल. चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटला, तर लवकरात लवकर गाडी दाखवा. पण तो लुकलुकत असेल, तर लगेच ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. कारण लुकलुकण्याचा अर्थ असा की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तिथे जळतंय. आतली जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. आणि कन्व्हर्टरची किंमत एकदा विचारून बघा, मूळ बिघाड स्वस्त वाटेल.

मी पाय हलका केला, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू वर आलो, जागा मिळाल्यावर दहा मिनिटं थांबलो. मग सपाटीला आम्ही सावकाश घरी पोचलो.

आता मिसिंग म्हणजे काय ते बघू. इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण येतं, ते दाबलं जातं, ठिणगी पडते, स्फोट होतो, धूर बाहेर जातो. इंजिनच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ठिणगी. म्हणजे गाडी २,४०० आरपीएमवर असेल तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १,२०० स्फोट, सेकंदाला २०. यातला एखादा स्फोट झालाच नाही, की झालं मिसिंग. चार मजूर ओझं ढकलतायत आणि एकाने मध्येच हात सोडला, तसं.

आणि स्फोट न होण्याची कारणं मुळात चारच. हवा बरोबर नाही, पेट्रोल बरोबर नाही, ठिणगी बरोबर नाही, किंवा दाब बरोबर नाही, ज्याला गॅरेजमध्ये कम्प्रेशन म्हणतात. बाकी सगळी यादी या चारांचीच पोटभेद.

गाडीच्या कॉम्प्युटरला हे कळतं कसं? मला यातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. तो स्फोट बघत नाही. क्रँकशाफ्टजवळ एक सेन्सर असतो, तो फिरण्याचा वेग अगदी बारकाईने मोजतो. प्रत्येक स्फोटानंतर क्रँकला ढकलणी मिळायला हवी. एखाद्या सिलिंडरच्या पाळीला ती मिळाली नाही, की वेग किंचित मंदावतो. कॉम्प्युटर म्हणतो, ही पाळी दोन नंबरची होती, म्हणजे दोन नंबर चुकला. थोडक्यात, त्याला कोण चुकला हे कळतं. का चुकला, हे कळत नाही. हा फरक नीट ध्यानात ठेवा. पैसे वाया जातात ते इथेच.

घरी आल्यावर मी ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर काढला. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात लावायचा आणि मोबाइलवर ॲप उघडायचं. कोड आला, पी ०३०२. यात पी ०३०० आला तर मिसिंग ठरावीक एका सिलिंडरचं नाही, कुठेही होतंय. शेवटी १, २, ३ किंवा ४ आला तर तो सिलिंडरचा नंबर. आमचा दोन नंबर.

कोडसोबत एक फ्रीझ फ्रेम साठवलेली असते. म्हणजे दोष नोंदवला गेला त्या क्षणी गाडीची परिस्थिती काय होती, त्याचा फोटोच. आमच्यात होतं, इंजिन गरम, सुमारे २,४०० आरपीएम आणि लोड ८० टक्क्यांच्या वर. थोडक्यात, घाट. कोड पुसला की ही फ्रीझ फ्रेमही जाते. म्हणून कुणालाही कोड पुसू देण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. आपण काय, लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट करणारे लोक थोडेच आहोत? बरं, आहोत कधीकधी.

आता माझी पहिली प्रतिक्रिया ऐका. रात्री अकरा वाजता मोबाइलवर चार इग्निशन कॉइलचा सेट कार्टमध्ये टाकला होता. सुमारे ९,००० रुपये. का? कारण दोन व्हिडिओंमध्ये सांगितलं होतं की हा कोड म्हणजे कॉइल. बोट बटणावर होतं. तेवढ्यात बाबा पाणी प्यायला उठले. विचारलं, "काय घेतोयस?" मी सांगितलं. ते म्हणाले, "कॉइलच गेलीय, हे कशावरून?"

मला उत्तर देता आलं नाही. रिटायर झाले तरी मास्तर तो मास्तर.

ऑफिसमध्ये माझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं, एरर बघून अंदाजाने चार फाइली बदलल्या असत्या, तर मी त्याला अर्धा तास ऐकवलं असतं. आणि इथे मी तेच करत होतो, नऊ हजार देऊन. कार्ट रिकामं केलं.

रविवारी सकाळी कामाला लागलो. युक्ती अगदी सोपी आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. अदलाबदल. दोन नंबरची वस्तू काढून दुसऱ्या सिलिंडरला लावायची, दुसऱ्याची दोनला. मग गाडी चालवायची. मिसिंग त्या वस्तूच्या मागे गेलं, तर चोर ती वस्तू. मिसिंग दोन नंबरलाच राहिलं, तर ती वस्तू निर्दोष. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काही कळत नाही, गाडी सुधारली तरी.

बाबा पडवीत खुर्ची टाकून बसले. हातात शंभर पानी वही. त्यांनी पानावर रेघा मारल्या आणि वर लिहिलं, कृती, निरीक्षण, अनुमान. मी म्हटलं, "बाबा, हे काय?" म्हणाले, "सातवीच्या पोरांकडून हेच करून घेत होतो. तुझ्याकडूनही घेतलं होतं. विसरलास."

पहिली कृती. इंजिन थंड, चावी बंद. दोन नंबरची कॉइल तीनला, तीनची दोनला. कोड पुसला. आता चाचणी कुठे घ्यायची? राजपथावर मुंगीच्या पावलाने फिरून उपयोग नाही, कारण तिथे गाडी ठीकच असते. बग ज्या परिस्थितीत येतो ती परिस्थिती द्यायला हवी. म्हणून गेलो यवतेश्वरच्या घाटात. तिसरा गिअर, पाय दाबला, गचके. दिवा लुकलुकला, लगेच पाय सोडला. कोड परत पी ०३०२. बाबांनी लिहिलं, "अनुमान: कॉइल निर्दोष." माझे नऊ हजार तिथे वाचले.

घरी येऊन तास-दीड तास इंजिन थंड होऊ दिलं. हे टाळू नका. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढायला गेलात तर आट्या खराब होतात, आणि मग खरंच हेडचं काम निघतं.

दुसरी कृती. प्लग. खरं सांगायचं तर हे करायचा मला कंटाळा आला होता, कारण प्लग नवे होते. गुढीपाडव्याला आलो होतो तेव्हा मीच बदलले होते. "प्लग तर आपण आत्ताच टाकलेत," असं मी म्हटलंसुद्धा. बाबा म्हणाले, "वहीत तसा रकाना नाही. कर."

दोनचा प्लग चारला, चारचा दोनला. पुन्हा यवतेश्वर. चढावर गचके, दिवा. गाडी बाजूला घेतली, मोबाइल काढला. पी ०३०४.

मी बाबांकडे बघितलं, बाबांनी वहीकडे. दोन नंबर सिलिंडर आता ठणठणीत होता. त्याचा नोझल ठीक, व्हॉल्व्ह ठीक, कम्प्रेशन ठीक, नाहीतर मिसिंग तिथून हललंच नसतं. हेड न उतरवता ३५ हजारांच्या शंकेचं उत्तर मिळालं होतं. दोष प्लगच्या मागोमाग चारवर गेला होता.

घरी येऊन, गाडी थंड झाल्यावर तो प्लग काढला. टोक ठीक, गॅप ठीक. मग टॉर्चच्या उजेडात पांढरी चिनी माती फिरवून बघितली. केसासारखी एक काळी रेघ. तडा.

आणि मला पाडवा आठवला. अंगणात काम करत होतो. एक प्लग हातातून निसटून शहाबादी फरशीवर पडला होता. टण्ण असा आवाज झाला होता. मी उचलला, फुंकर मारली, गॅप बघितला, ठीक वाटला, लावून टाकला. कुणालाच काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं त्यात?

तडा गेलेला प्लग तीन महिने बरा चालला आणि मग फक्त चढावर का रुसला, हे समजून घेण्यासारखं आहे. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा सिलिंडरमध्ये जास्त हवा जाते, दाब वाढतो. जितका दाब जास्त, तितकी ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. आणि वीज म्हणजे सोपी वाट शोधणारी. आयडलिंगला गॅप सोपा वाटतो, ठिणगी नीट पडते. घाटात गॅप अवघड होतो, मग ती तड्यातून सरळ प्लगच्या लोखंडी अंगात पळते. आत स्फोट नाही. प्रत्येक वेळी त्या वाटेवर थोडा कार्बन बसतो, वाट आणखी सोपी होते. म्हणून दुखणं हळूहळू वाढत गेलं.

आपल्या कामात एक कमांड असते, ही ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणारी. मोठ्या रुबाबात चालवायची आणि खाली आपलंच नाव यावं, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना माझा चेहरा कळेल.

बाबांना सांगितलं. फरशीवर पडल्याचंही सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मिस्त्रीने विचारलं होतं, प्लग कसे आहेत म्हणून. मीच म्हटलं, नवे आहेत, पोराने टाकलेत. इंजिनिअर आहे." त्यातलं "इंजिनिअर आहे" मला फार लागलं. मिस्त्रींनी प्लग उघडून बघितले नाहीत ते माझ्या नावावर विश्वास ठेवून. आणि बाबा त्यांना फसवणारा समजून बसले, तेही माझ्याच नावावर विश्वास ठेवून.

सोमवारी मी सुट्टी टाकली. नवीन प्लग आणला, दोनशे रुपयांच्या आसपास. कॉइलच्या रबरी नळीत आतून काळा डाग वगैरे आहे का ते बघितलं, नव्हता. प्लग आधी हाताने फिरवून बसवला, मग पान्याने, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढाच घट्ट. यवतेश्वर चढून आलो, दोनदा. गाडी गुळगुळीत.

मग आम्ही दोघं गॅरेजला गेलो. बाबा गाडीतून उतरेनात. मीच पुढे झालो, मिस्त्रींच्या हातात तो प्लग ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी प्लग उजेडात धरला, रेघ बघितली. म्हणाले, "पडलेला प्लग लावायचा नसतो, इंजिनिअर साहेब. आमच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो मी." मग जरा थांबून, "पण चूक माझीपण हाय. नवा असला तरी काढून बघायला पायजे होता. आन् हेड म्हणण्याआधी कम्प्रेशन तरी मोजायचं." त्यांनी लगेच गेज लावून चारही सिलिंडर मोजले. चौघांचे आकडे जवळजवळ सारखे. पैसे घेतले नाहीत. तोवर बाबा गाडीतून उतरून टपरीवर चहा सांगून आले होते. तीन.

त्यांच्यात काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. मी मुद्दाम लांब उभा राहिलो.

आता तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी, पटापट.

एक. लुकलुकता दिवा दिसला तर पाय हलका करा, थांबा. हे परत सांगतोय.

दोन. कोड आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट आधी, पुसणं नंतर.

तीन. कोड म्हणजे पत्ता, निदान नाही. पी ०३०२ म्हणजे "दोन नंबरची कॉइल बदला" असं कुठेही लिहिलेलं नाही.

चार. आधी फुकटच्या अदलाबदली. कॉइल, मग प्लग. तरी दोष जागचा हलला नाही, तर नोझल आणि कम्प्रेशन. हेड उतरवायला होकार देण्याआधी विचारा, "कम्प्रेशन मोजलं का? किती आलं?" हा प्रश्न विचारण्यात अपमान नाही.

पाच. इंजिन चालू असताना कॉइल किंवा प्लगची वायर उपटून बघायची जुनी पद्धत आहे. ती करू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात, आणि कच्चं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जातं.

सहा. सीएनजीवाल्यांसाठी. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे प्लग-कॉइल थोडे थकले, तर ते आधी सीएनजीवर दिसतं. गाडी सीएनजीवर मिसिंग मारते आणि पेट्रोलवर ठीक चालते, तर किटला शिव्या देण्याआधी प्लग बघा.

सात. बाइकवाल्यांनो, तुमच्याकडे बहुतेक एकच सिलिंडर, म्हणजे अदलाबदल करायला शेजारी नाही. तुम्ही खात्रीचा चांगला प्लग लावून बघा. तत्त्व तेच, एका वेळी एकच बदल.

आणि आठ. संशयितांची यादी करताना सगळ्यात अलीकडे कशाला हात लागला, ते सगळ्यात वर लिहा. तो हात तुमचा असला तरी. तुमचा असेल तर विशेषच.

गाडी विकायचा विषय बंद झालाय. ऑगस्टमध्ये आई-बाबा परत पुण्याला येऊन गेले. घाट चढल्यावर बाबांचा फोन आला, "पोचलो वर, काही नाही." आणि ती वही त्यांनी गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलीय, पुढची पानं कोरी आहेत.

चला, आज इथेच थांबतो. गाडी चालवताना हा भाग ऐकत असाल तर लक्ष रस्त्यावर ठेवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!